दगडाखालचा डॉलर

शनिवारी दुपारी वेसने बापाच्या घरची शेकोटी विझवली, कारण शनिवारी लव्हडेआत्या तिकडे यायची नव्हती. ती असती तर त्याची काय बिशाद होती! रविवारी ईस्टरची प्रार्थना आटोपून, केशर घातलेल्या बनपावांची टोपली हातावर घेऊन ती भावाच्या घरात शिरली आणि उंबऱ्यातच थबकली. आमच्या नेवाडातल्या गोल्ड हिलला मार्च संपत आला तरी डोंगरावरचा बर्फ हटत नाही, आणि अशा दिवसांत ट्रेम्बाथ घराण्याची ही शेकोटी थंड पडलेली पंचाहत्तर वर्षांत तिने पाहिली नव्हती.

"शेकोटी कुणी विझवली?"

तिचा धाकटा भाऊ पास्को अंगात ओव्हरकोट घालून टेबलाशी बसला होता. त्याची सून, वेसची बायको डोरीन, बशा मांडत होती, ती एकदम बशा पुसायला लागली.

"मी काय विचारतेय?"

"मी विझवली, आत्या," वेस म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांचा गडी, रीनोत स्वतःचं फर्निचरचं दुकान, पण आत्यापुढे त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा निघाला. "दगड गार व्हायला अख्खी रात्र लागते म्हणून."

"दगडाला काय ताप आलाय, गार करायला?"

वेसने बापाकडे बघितलं. बापाने घसा खाकरला. "उचलायचाय, ताई," तो म्हणाला.

आत्याने टोपली टेबलावर ठेवली नाही, आपटली. तीन बन उडून खाली पडले आणि तिने ते उचललेही नाहीत. यावरून काय ते समजा.

शेकोटीच्या दगडाखाली काय आहे हे साऱ्या गोल्ड हिलला ठाऊक होतं. पास्को आणि लव्हडे यांची आजी, केझाया, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून नवऱ्यामागे इथे आली. नवरा खाणीत, ही तंबूत. अठराशे त्र्याहत्तर साली हे घर उभं राहिलं, आणि शेकोटीचा दगड बसवायच्या आधी तिने आपल्या हाताने त्याखाली चांदीचा एक डॉलर ठेवला. बाईनेच ठेवायचा, पुरुषाने हात लावायचा नाही, आणि घरात घरचं माणूस राहतंय तोवर दगड हलवायचा नाही, ही त्यांची रीत. लव्हडे-पास्कोचे वडील तेव्हा चार वर्षांचे होते, आईचा घागरा धरून बघत उभे होते. त्यांनी मरताना दोन्ही मुलांकडून तसं वचन घेतलं. खाणी बंद पडल्या, गाव ओस पडलं, दोन हिवाळे नुसत्या सलगमांवर काढले, पण दगडाला कुणी हात लावला नाही.

दुसरं कुणाचं घर असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण हे पास्कोचं घर. चाळीस वर्षं हा माणूस कार्सन शहरातल्या बँकेत खिडकीमागे बसला. आमच्या नेवाडात कागदी डॉलर कुणी हातात धरत नसे. सगळा व्यवहार चांदीचा, पुरुषांच्या पँटींचे खिसे फाटायचे. पास्को दर शनिवारी बँकेतून डॉलरची एक थैली घरी आणी, राखाडी घोंगडीवर ओती, आणि रविवारी प्रार्थनेची वेळ होईपर्यंत एकेक उलटून बघे. नाण्याच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला गरुड. त्या गरुडाखाली दोन बारीक अक्षरं आहेत का? सी आणि सी. म्हणजे नाणं कार्सनच्या टांकसाळीचं. ती टांकसाळ कधीच बंद पडली होती आणि तिने डॉलर पाडले ते अवघी सतरा वर्षं. सतरांतली सोळा वर्षं पास्कोने त्या थैल्यांतून वेचून काढली. सतरावं राहिलं. अठराशे त्र्याहत्तर. मुळात पाडलेच दोन हजारांच्या आसपास, आणि त्यातले बरेच परत वितळवले म्हणतात. पास्कोने तो आयुष्यात डोळ्यांनी बघितलासुद्धा नव्हता.

आणि रोज संध्याकाळी तो नेमका त्याच दगडावर पाय ठेवून बसायचा! खाली कुठल्या सालचा डॉलर आहे, कुठल्या टांकसाळीचा आहे, देव जाणे. केझायाने वर्षभर जपून ठेवलेला जुनाही ठेवला असेल. पण असलाच तर? वचन दिलेल्या माणसाने असा विचार करायचा नसतो, आणि पास्को चाळीस वर्षं दुसरा विचार करत नव्हता.

"वडील जाऊन किती वर्षं झाली?" आत्या गरजली. "बत्तीस. बत्तीस वर्षं तुला वचन आठवलं आणि आज विसरलास?"

"विसरलो नाही."

"मग?"

"डोळे चाललेत, ताई," पास्को म्हणाला. "रीनोचे डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत. मला एकदा वाचायचाय तो. एकदाच. मग पुन्हा ठेवून द्या जागेवर."

"जागेवर कशाला?" वेस मध्येच म्हणाला. "असा डॉलर दगडाखाली परत कोण ठेवतं? आत्या, बाहेर काय चाललंय बघतेस ना? चांदी महागतेय म्हणून माणसं गल्ल्यातले डॉलर घरी नेऊन दडवतायत. जुगारखान्यांनासुद्धा मिळेनात. पुढच्या वर्षी नेवाडात चांदीचा डॉलर दिसायचा नाही. आणि इथे कदाचित त्र्याहत्तरचा, कोरा, हातसुद्धा न लागलेला..."

"तू गप्प बस. तुझ्या दुकानातली खुर्ची आहे का ती, उचलली अन् विकली?"

"विकायचं नाव कुणी काढलंय?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या!"

"ताई," पास्को म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर नाही उचलणार."

"नाही," आत्या म्हणाली आणि पाय आपटत स्वयंपाकघरात निघून गेली.

डोरीन तिच्या मागोमाग आत गेली. ती आयडाहोची, बटाट्याच्या शेतावर वाढलेली. चोवीस वर्षं ती या घरात नाणी बघत होती आणि चोवीस वर्षं तिला ती सगळी सारखीच दिसत होती. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा वेस बिस्कीटसुद्धा दोन बोटांनी कडेला धरून खातो हे पाहून तिला हसू आवरेना. घरात लहानपणापासून एकच ओरडा ऐकलेला: "कडा धर! नाण्याच्या तोंडावर बोट नको!" नाण्यासाठी लागलेली सवय बिस्किटाला चिकटली होती.

आत्या खिडकीशी पाठमोरी उभी होती. डोक्यावरची टोपीसुद्धा तिने काढली नव्हती.

"आत्या, एक सांगू? रागावू नका."

"रागवायचं शिल्लक काय राहिलंय?"

"बाबांना उन्हाळ्यापर्यंत दिसणार नाहीये. आत्ताच दिसत नाहीये."

आत्या वळली.

"सकाळपासून बघतेय मी," डोरीन हळू आवाजात म्हणाली. "चहा ओतताना बोट कपात घालून ठेवतात, चटका बसला की थांबतात. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फेब्रुवारीचं आहे. त्याच्याकडे बघून मला म्हणाले, आज एकोणतीस मार्च, बघ. आणि मी हे केस कापलेत ना, कानापर्यंत? वेस बोलला नाही तर नवल नाही. पण बाबा बोलल्याशिवाय राहिले असते?"

"वेसला माहीत आहे?"

"वेसला? तो कपाटं सोडून कशाकडे निरखून बघत नाही."

आत्या स्टुलावर बसली. बराच वेळ ती हातमोज्याची बोटं ओढत राहिली. "मग उचलून उपयोग काय?" ती म्हणाली. आवाजातली धार गेली होती. "दिसणारच नाही तर?"

"मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हा आजार असाच असतो. पुढे कडेचंही राहील की नाही, सांगता येत नाही."

"लबाड," आत्या पुटपुटली. "लहानपणी पाय मोडला तेव्हाही असाच. दोन दिवस लंगडला आणि म्हणे मुंगी चावली." आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते हातमोज्याने पुसले, टोपीची पिन काढली, टोपी बटाट्यांच्या बुट्टीवर ठेवली आणि बाहेर आली.

"वेस, पहार कुठाय?"

वेस उडालाच. "आत्या, तू आत्ताच..."

"आत्ता म्हणाले, आता म्हणत नाही. वडिलांना काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगेन, माझंच आधी निघणार आहे तिकीट. पण ऐक. तू फक्त दगड उचलायचा. खाली हात घालायचा तो बाईनेच."

दगड वेसच्या अंदाजापेक्षा जड होता. त्याने चुन्याच्या सांध्यात पहार घातली आणि सगळं वजन टाकलं. काही झालं नाही. पुन्हा टाकलं. सांधा कटकन तुटला, आणि एक्याण्णव वर्षं बंद असलेली हवा घरात आली. काजळीचा, ओल्या वाळूचा, कसलासा वास. दगड हातभर वर आला तसं त्याने खाली लाकडाचा ठोकळा सरकवला. तोवर त्याच्या डोक्यात दुकान होतं, लिलाव होते, वर्तमानपत्रात येईल तो मथळा होता. तो वास आला आणि त्याला एकदम वाटलं की आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलोय. त्याने नकळत आवाज खाली आणला.

"आत्या, घाल हात."

"माझे गुडघे गेले कामातून. डोरीन, तू."

"मी?" डोरीन दचकली. "मी तर आयडाहोची."

"चोवीस वर्षं झाली, अजून आयडाहो! बस खाली."

डोरीन जमिनीवर पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. वाळू, वाळू, आणि मग काहीतरी चपटं. तपकिरीची पत्र्याची डबी. आत मेण लावलेलं कापड, चौघडी केलेलं, कडक झालेलं. पास्कोने टेबलावर घोंगडी पसरून ठेवली होती. तिच्यावर डोरीनने कापडाची एकेक घडी उलगडली. शेवटची उलगडली आणि तिचे हात तसेच राहिले.

तिने नाणी पाहिली होती ती झिजलेली, राखाडी, मेलेली. हे जिवंत होतं. काल पाडल्यासारखं पांढरं, आणि कडेने मोरपंखी निळा, निळ्याच्या आत सोनेरी, असा एक पट्टा सरकत गेलेला. खिडकीतून ऊन येत होतं. तिने डॉलर कडेला धरून जरासा कलता केला आणि उजेड त्याच्यावर गोल फिरला, चाकाचे आरे फिरावेत तसा. तिने पुन्हा कलता केला, तो पुन्हा फिरला.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली. चोवीस वर्षांत तिला पहिल्यांदा कळलं की सासऱ्यांनी आयुष्य कशापायी घालवलं.

वेसने तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. त्याने तोंड उघडलं आणि पास्कोचा हात वर झाला.

"थांबा! कुणी वाचू नका. मी वाचणार."

"बाबा, पण..."

"चाळीस वर्षं थांबलोय मी. तुला एक मिनिट थांबवत नाही?"

वेसने ओठ मिटले. आत्याचा चष्मा टोपलीत राहिला होता, तिला तसाही नुसता चकाकता ठिपका दिसत होता. डोरीनने डॉलर सासऱ्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो धरला कडेलाच.

पास्कोच्या डोळ्यांसमोर एक निळं कडं होतं. निळं, आत सोनेरी, आणि मधोमध धूर. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. धूर बरोबर आला. डोळ्याला भिंग लावलं, धूर मोठा झाला. त्याला वाटलं होतं हा एक डॉलर तरी दिसेल. बाकी सगळं नाही दिसलं तरी चालेल, पण हा दिसेल, असं त्याने देवाशी परस्पर ठरवून टाकलं होतं. आता तिघं श्वास रोखून उभी होती आणि त्यांची कीव त्याला या घटकेला नको होती.

"निळा काय सुरेख चढलाय!" तो म्हणाला. "निळा, मग सोनेरी."

"हो, बाबा," डोरीन म्हणाली. तिला हायसं वाटलं. दिसतंय की!

"आणि बाईचा चेहरा बघा. कोरा करकरीत. गुडघ्यावरची चूण न् चूण आलीय." पास्कोने भिंग जरा पुढे घेतलं. "आणि साल, त्र्याहत्तर. स्पष्ट आहे."

वेस पांढरा पडला. बापाच्या भिंगाखाली गरुड होता. ढाल धरून बसलेली बाई होती पलीकडच्या बाजूला, आणि साल बाईच्या पायाखाली असतं हे या घरात बोलता येण्याआधी शिकवतात.

"बाबा," तो म्हणाला, "ती गरुडाची बाजू आहे."

पास्कोने भिंग घोंगडीवर ठेवलं. डॉलर मात्र त्याने सोडला नाही.

"कधीपासून?" वेसने विचारलं.

"नाताळपासून." मग थोड्या वेळाने, "गरुडाखाली काय आहे?"

"अक्षरं आहेत," डोरीन म्हणाली.

"किती?"

"दोन."

"दोन," पास्को म्हणाला. कार्सन. सत्तर, एकाहत्तर आणि बाहत्तर सालचे कार्सन त्याच्याकडे होते. आता प्रश्न एका आकड्याचा राहिला.

"साल मी सांगतो ना, बाबा," वेस म्हणाला. "त्यात काय..."

"सांगू नकोस!" म्हातारा ओरडला. "तू सांगितलंस तर मी ऐकलेलं होईल ते. ऐकलेल्या गोष्टी मला पुष्कळ आहेत." मग त्याचा आवाज फुटला. "राहू दे. गुंडाळून ठेवा. चूक माझीच, उशीर केला."

"हात लाव," आत्या म्हणाली.

"काय?"

"डोळे नसतील, अंगठा आहे ना? उठावदार आहे ना सगळं? चाचपून वाच."

"आत्या!" वेस दोघांच्या मध्ये आला. "अगं, तोंडावर बोट लागलं की संपलं! एक्याण्णव वर्षं कुणी हात लावला नाहीये याला. असा दुसरा निघणार नाही. बाबा, तुम्हीच सांगा तिला!"

"खरंय त्याचं," पास्को म्हणाला. "आयुष्यभर मी पोरांच्या हातांवर मारलं, तोंडावर बोट नको म्हणून. घामाचा ठसा आज दिसत नाही, ताई. पण तो आत बसतो, आणि वर्षांनी वर येतो. तपकिरी, रेघ न् रेघ. मग तो कशानेही जात नाही."

डोरीनने मघाशी काहीतरी पाहिलं होतं आणि मेणाचा डाग असेल म्हणून सोडून दिलं होतं. तिने सासऱ्यांच्या हातातला डॉलर अलगद उलटा केला, भिंग उचललं आणि खिडकीच्या उजेडात वाकली.

"म्हणजे, बाबा," ती म्हणाली, "असा?"

"कसा?"

"बाईच्या शेजारी, मोकळ्या जागेत. अंगठा आहे कुणाचा तरी. तपकिरी. रेघा मोजता येतील इतका."

वेसने भिंग हिसकावून घेतलं. "डाग आहे," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. इतक्या जपून ठेवलेल्या डॉलरला डाग! तो आणखी वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. "नाही," तो हळूच म्हणाला. "अंगठाच आहे. लहान आहे."

"बाईनेच ठेवायचा असतो," आत्या म्हणाली.

ते ऐकलं आणि चौघांनाही एकदमच उमगलं. केझायाचा फोटो नव्हता. एक पत्र नव्हतं, तिला लिहिता येत नव्हतं. घर बांधल्यावर वर्षभरात ती तापाने गेली, थडग्यावरची लाकडी पाटी कुजून गेली, ती कुठे पुरलीय हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या मुलाला आईचा चेहरा आठवत नसे, नुसता घागरा आठवे. तिचं या जगात काही म्हणता काही उरलं नव्हतं, आणि ती इथे होती.

आत्याने भिंग मागितलं. डोरीनने ते तिच्या डोळ्याशी धरलं. आत्याने बघितलं. मग आपला सुरकुतलेला अंगठा शेजारी धरला, न लावता.

"माझ्याहून किती लहान आहे गं," ती म्हणाली. "घर बांधलं तेव्हा बावीसची होती. आजी, आजी म्हणतोय आपण! पोर होती. परक्या मुलखात आलेली पोर." ती रडत होती आणि रडू लपवत नव्हती. "पास्को, तुझा नियम तिने आधीच मोडलाय. लाव हात."

पास्कोने वेसच्या दिशेला तोंड केलं. तो लेकाची परवानगी मागत होता, आणि हे त्या घरात आजवर घडलं नव्हतं.

वेस पुढे आला. डोरीनला वाटलं, हा आता डॉलर काढून घेणार. वेसने बापाचा उजवा हात धरला, अंगठा मोकळा केला आणि त्या तपकिरी ठशावर नेऊन टेकवला.

"इथे आहे ती, बाबा."

"लागत नाही रे काही."

"तो हाताला नाही लागायचा."

"असू दे." पास्कोने अंगठा तिथेच ठेवला. घरात इतकी शांतता झाली की ठोकळ्यावर तोललेल्या दगडाखालून वाळू ओघळलेली ऐकू आली. तो काहीतरी पुटपुटत होता, प्रार्थना असेल किंवा नसेल. मग अंगठा आपणहून हलला. बाईच्या गुडघ्यावर चढला, ढालीवरून उतरला, कडेने फिरून एकेक तारा चाचपत गेला. म्हातारा तोंडातल्या तोंडात मोजत होता. तेरा झाले. अंगठा खाली आला.

"एक," तो म्हणाला. "आठ. सात."

तिथे तो थांबला. पुढच्या आकड्यावर त्याने अंगठा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, मग नखाची कड लावली, वरून खाली, अगदी सावकाश. वेसने हुंदका येऊ नये म्हणून दात आवळले होते. आत्याने डोरीनचा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसला.

"तीन," पास्को म्हणाला. "ताई, तीन आहे गं! दिसलं मला."